गायीची डावी बाजू

सन एकसष्टच्या सुमारास शेणव्याच्या धोंडीबाईची गाय शास्त्राच्या कामी लागली. गाय होती तिथंच होती, कुडाच्या गोठ्यात. पण गोचिडांमुळे माणसांना कोणकोणते ताप येतात याचा शोध घेत पुण्याचं एक संशोधन पथक शहापूर-मुरबाडच्या रानात हिंडत होतं, आणि या गायीच्या अंगावरचे गोचीड त्या पथकाला फार पसंत पडले. पथकाचे प्रमुख डॉ. केळशीकर हे सज्जन गृहस्थ. त्यांनी गायीच्या कानात पत्र्याचा बिल्ला अडकवला आणि धोंडीबाईला समजावून सांगितलं, की ही गाय आजपासून निरीक्षणाधीन आहे, सबब तिच्या अंगावरचा एकही गोचीड काढू नये.

धोंडीबाई नवऱ्यामागं त्या गायीच्या दुधावर दिवस काढत होती. रोज सांजचं गायीचे गोचीड वेचून चुलीत टाकायचे, हा तिचा नेम. तो मोडायला तिचं मन घेईना. पण गावानं तिला समजावलं. पथकाची जीप दर बाजाराला शेणव्यात यायची आणि परतताना गावची चार माणसं शहापूरला सोडायची. एरवी किन्हवलीच्या मोटारीसाठी उन्हात ताटकळावं लागे. शास्त्राची सेवा गावाला अशी पटली होती.

गाय वाळत गेली. दूध निम्म्यावर आलं. गोचीड मात्र टपोऱ्या वाटाण्यांसारखे फुगले. डॉक्टरांनी ते भिंगातून पाहून धोंडीबाईचं अभिनंदन केलं.

एवढ्यात दुसऱ्या एका खात्यानं गोचीड निर्मूलन पंधरवडा जाहीर केला. त्या खात्याचे इन्स्पेक्टर पोंक्षे पावडरीचा डबा घेऊन गोठ्यात शिरले आणि गाय पाहून हबकले. ज्या घरी गोचीड सापडेल त्याच्यावर कारवाई करण्याचा त्यांना हुकूम होता. ज्या घरी गोचीड काढला जाईल त्याच्यावर कारवाई करण्याचा डॉक्टरांना अधिकार होता. म्हणजे गोचीड असला तरी धोंडीबाई गुन्हेगार, नसला तरी गुन्हेगार. ती दोघांनाही म्हणाली, की तुमी आधी आपसात ठरवा, तोवर मी गायीला वैरण घालते.

त्यांनी खरोखरच ठरवलं. शहापूरला बैठक झाली, चहा झाला, आणि कोणत्याही खात्याच्या उद्दिष्टाला बाधा येणार नाही असा तोडगा निघाला. गायीच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत गेरूची रेघ ओढण्यात आली. डावी बाजू संशोधनाकडे, उजवी निर्मूलनाकडे. शेपटी दोन्हीकडे फिरते आणि उजवीकडची पावडर डावीकडे नेते, असं निदर्शनास आल्यावर ती निर्णय होईपर्यंत दाव्यानं बांधून ठेवण्यात आली. माश्यांबाबत बैठकीत विषय नव्हता.

उजव्या बाजूला पावडर पडताच तिथले उरलेसुरले गोचीड रेघ ओलांडून डावीकडे आले. निर्मूलन खात्यानं उजवी बाजू शंभर टक्के गोचीडमुक्त झाल्याचं कळवलं. पथकानं डाव्या बाजूला लक्षणीय वाढ झाल्याचं कळवलं. इतकं यशस्वी जनावर तालुक्यात दुसरं नव्हतं.

मग धोंडीबाईला ताप भरला. डोकं फुटायची वेळ आली, कंबर उचलेना. शेजारच्या बुधीनं तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिच्या मांडीवर गोचीड चावल्याचा काळा डाग होता. दवाखान्याच्या डॉक्टरांनी गायीचे सरकारी कागद मागवले आणि विचारलं, "दूध कोणत्या बाजूला बसून काढता?"

"उजव्या," धोंडीबाई म्हणाली.

"उजवी बाजू गोचीडमुक्त जाहीर झालेली आहे. तेव्हा हा गोचिडाचा ताप असू शकत नाही."

बातमी कळताच डॉ. केळशीकर मात्र जीप पिटाळत आले. त्यांनी मोठ्या आस्थेनं रक्त काढून घेतलं. बुधीनं औषधाचं विचारलं तेव्हा ते खरोखर खजील झाले. औषध देणं त्यांच्या पथकाच्या कक्षेत येत नव्हतं. ताप कशाचा ते कळल्यावर पुण्याहून नक्की लिहू, असं त्यांनी आश्वासन दिलं.

बुधी रोज पेज भरवत राहिली. धोंडीबाई वाचली. भिंत धरून उभी राहता आली त्या दिवशी ती गोठ्यात गेली. तिनं गायीची शेपटी सोडली, डाव्या अंगाला टेकून बसली आणि एकेक गोचीड वेचून काढला. मध्ये दम लागला की गायीच्या पोटाला डोकं लावून थांबायची. गाय मान वळवून तिचा खांदा चाटत होती. सगळे काढून झाल्यावर धोंडीबाईला रडू आलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी गाव तिच्या अंगणात जमलं. पुढं कमळू होता. तो गावची सगळी बोलणी करी. पानाच्या द्रोणात त्यानं काहीतरी झाकून आणलं होतं. मागच्या चौघापाचजणांच्या हातातही द्रोण होते. कमळू नरमाईनं म्हणाला, की झालं ते झालं, वैनी. साहेब परवा येणार आहेत. आमी आमच्या गुरांचे वेचून आणलेत. तुझ्या गायीच्या डाव्या बाजूला तेवढे सोडून दे.

धोंडीबाईनं द्रोणात पाहिलं.

"तुमच्या गायींना डावी बाजू नाय का रे?" तिनं विचारलं.

"आमच्या गायी दुधाच्या हायत," कमळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धोंडीबाईनं गायीच्या कानातला बिल्ला काढून दाराच्या कडीला अडकवला आणि गाय घेऊन मुरबाड तालुक्यात बहिणीकडे चालती झाली. ती पुन्हा शेणव्याला आली नाही. गाय तिथं धष्टपुष्ट झाली, पुढं दोनदा व्याली. पथकानं आपला मुक्काम हलवला. धोंडीबाईला सार्वजनिक कामाची कदर नव्हती, असं शेणव्यात बरीच वर्षं बोललं जाई.

ही हकिकत मी पुष्कळांना सांगितली आहे. कमळूचं बोलणं ऐकून सगळेच चिडतात, माणसं किती स्वार्थी असतात म्हणतात, धोंडीबाईसाठी मनापासून हळहळतात. आणि हळहळून झालं, की मला विचारतात, ती जीप मग पुढं कोणत्या गावाला जायला लागली.