दुपारी नापास होणारं गार कपाट

अरे ऐका ना, आधी पुष्करदादाची ओळख त्याच्याच शब्दांत ऐका. "उल्का, पुराव्याला वास असतो. आणि माझ्याइतकं तीक्ष्ण नाक अख्ख्या पुण्यात नाही!" हे बोलताना त्याला सर्दी झाली होती. कंपनीत तो सीनियर टेस्ट इंजिनियर, मनातून गुप्तहेर. मी त्याची ट्रेनी, म्हणजे मदतनीस.

तर केस अशी. आमच्या लॅबमध्ये एक गार कपाट आहे. त्यात गाड्यांची सर्किटं ठेवायची, सेन्सर सेकंदा-सेकंदाला तापमान मोजणार, आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम ते आकडे वाचून पास की नापास सांगणार. पण रोज जेवणाच्या सुट्टीत तापमान टुणकन वर आणि टेस्ट नापास! आमचे बॉस माधव सर मला म्हणाले, "शुक्रवारी कस्टमर येतोय. त्याच्यासमोर नापास झालं, तर नोकरीत कायम होणं विसरा."

दादा म्हणाला, "घाबरू नकोस, मी आहे ना." म्हणूनच तर घाबरले!

त्याचा पहिला संशय लिफ्टवर. "तिची मोटर सिग्नल बिघडवते!" लिफ्ट बंद केली. सर पाच मजले चढून आले. "व्यायामाबद्दल आभारी आहे." टेस्ट नापास.

मग शेजारच्या ऑफिसातला तेजस. "हा हॅकर आहे!" तेजस बिचारा आमच्या वायफायवर मॅच बघत होता. नापास.

शेवटी बोट माझ्याकडे. "तुझा प्रोग्रॅम दुपारी झोपतो. पुण्यात लिहिलाय ना!"

मला राग आला यार! नीट आलेख बघितला. तापमान झटकन वर, मग हळूहळू खाली. अगं, हे तर घरचा फ्रिज उघडल्यासारखं! कपाटाच्या दाराला एक स्विच होता, कुणी न जोडलेला. तो मी गुपचूप सेन्सरच्या यंत्रावरच्या रिकाम्या चॅनेलला जोडला आणि प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या. दार उघडलं की भोंगा.

गुरुवारी मी आणि सर जेवायला बसलो आणि भोंगा! धावलो तर कपाटाच्या दारात पुष्करदादा, हातात ताकाची बाटली.

"मी... पुरावा गार ठेवत होतो."

"रोज?"

"अगं, ऑफिसच्या फ्रिजमध्ये जागा असते का कधी? सकाळी टेस्टआधी ठेवतो, जेवताना काढतो. क्षणभरच उघडतो! सेन्सरला काय कळतंय?"

"सेकंदा-सेकंदाला मोजतो तो, दादा. तूच शिकवलंस."

सरांनी बाटलीकडे पाहिलं. "ताक तरी पास झालं का?"

शुक्रवारी टेस्ट पास, मी कायम! मी पेढे वाटले, तर दादा दोन उचलून सगळ्यांना सांगतोय, "ही केस माझ्याशिवाय झालीच नसती."

देवाशप्पथ, त्याचा बरोबर निघालेला हा पहिलाच निष्कर्ष!