अखाजीचा गोठलेला रस

फ्रीजरमधली बाटली उषाबाईंनी हलवून पाहिली. बाटलीतली ओलसर पांढरी पावडर सकाळपासून आत होती, तरी वाळूसारखी सुटी. गोठण्याचं नाव नाही!

"बिघडना वं माय फ्रीज!" फ्रीज बिघडलाच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

बाटली धाकट्या लेकीची, चंचलची. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुट्टीत कॉलेजातला प्रयोग अडू नये म्हणून तिने बर्फाचे ट्रे काढून ती आत ठेवली आणि स्वतः मैत्रिणीकडे गेली. इकडे थोरल्या उज्ज्वलाचे यजमान ललितराव उद्या लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला येणार. सुरतेचा उकाडा, भगुणंभर आमरस, आणि मेला फ्रीज ऐन वेळी दगा देतोय! जावयाला आंबलेला रस वाढला, तर भेस्तानच्या व्याह्यांपुढे तोंड कसं दाखवायचं? उषाबाईंनी बटण शेवटच्या आकड्यापर्यंत पिळलं आणि भगुणं कसंबसं फ्रीजरात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी खापरावरून मांडे उतरले, ललितराव पाटावर बसले. उषाबाईंनी रसात पळी घातली. टण्ण! पळी वाकली, रस काही हलेना.

"माय, हाई काय करं तू?" चंचल ओरडली.

"तुनी बाटली गोठेच ना! माले वाटनं, फ्रीज बिघडना."

"ती घरच्या फ्रीजमा गोठसच नही! पावडरमधली छिद्रं इतकी बारीक, डोळ्याले दिसत नाहीत. पाणी त्यात कोंडलेलं. बर्फ व्हायचं तर कणांना शिस्तीत रांग धरावी लागते. तिथं रांगेले जागाच नही!"

"मंग आपली खोली बी तशीच," नवरा उखा खोलीभर नजर फिरवत म्हणाला. "इथं बी कोनी धड आडवं व्हत नही."

उषाबाईंना मात्र रडू कोसळलं. "जवाईबापू, पहिलीच अखाजी, आन् तुमच्या पानात रस नही!"

ललितरावांचा चेहरा एकदम उजळला. "राहू द्या, आई! अगदी राहू द्या! मला दूध-मांडे फार आवडतात." आणि त्यांनी दुधात कुस्करून चार मांडे चापले.

किती मोठ्या मनाचा माणूस! उषाबाईंना भरून आलं. उज्ज्वला कानाशी कुजबुजली, "माय, यास्ले आंबा खाल्ला की अंगभर पुरळ उठतं. साखरपुड्याले लाजेकाजे दोन वाट्या खाल्ल्या, तर..."

पण उषाबाईंचं लक्ष कुठे! त्या पदर खोचून कामाला लागल्याही होत्या.

निघताना ललितरावांच्या हाती जड पिशवी आली. "अख्खं भगुणं से. भेस्तान येईपर्यंत पातळ व्हई. आन् लाजू नका, सकाळी फोन करसू, सगळा संपला की नही इचाराले!"

ललितरावांनी वाकून नमस्कार केला. दुसरा हात तोवर मान खाजवायला लागला होता.