शपथविधी आणि दोन प्रती

राजभवनाचं पाकीट सातपूरच्या कॉलनीत मंगळवारी आलं आणि गुरुवारी सकाळी सावळीराम पगारे राज्यपाल झाले.

पत्रिकेत खरं तर साधंच लिहिलं होतं. नव्या राज्यपालांच्या शपथविधीला त्यांनी सपत्नीक उपस्थित राहावं, एवढंच. पेठच्या तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाल्यावर सावळीराम रोज सकाळी विहाराच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज फुकट लिहून देत. ते कुणाच्या तरी कानावर गेलं असावं आणि नाव यादीत लागलं असावं. पण पुतण्या रवीला हौस दांडगी. त्याने रातोरात चौकात फ्लेक्स लावला. वर ठळक अक्षरांत 'मा. राज्यपाल', मध्ये सावळीरामांचा कोटातला फोटो, आणि खाली 'यांच्या शपथविधीस निमंत्रित झाल्याबद्दल अभिनंदन'. ही खालची ओळ नेमकी रसवंतीच्या छपराआड गेली.

सकाळी कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनने सावळीरामांना सलाम ठोकला. दुपारी दोघे जण पाण्याच्या प्रेशरची तक्रार घेऊन आले, संध्याकाळी एक जण मुलाच्या बदलीसाठी.

"रवी, आत्ताच्या आत्ता काढ तो फ्लेक्स," सावळीरामांच्या पत्नी लताबाई कडाडल्या.

"कसा काढू काकू? नगरसेवकांनी हार घातलाय त्याला. आता काढला तर त्यांचा अपमान होईल."

शुक्रवारी पेठकडच्या पाड्यावरून पुंजा आणि त्याची बायको झुंबरबाई आले. आदल्या दिवशी बाजाराला आले असताना चौकातला फोटो बघून कचेरीतले भाऊसाहेब त्यांनी लगेच ओळखले होते. सोबत किलोभर नागली आणि एक अर्ज. पाड्याच्या ओहोळावर पूल नव्हता. पावसाळ्याचे तीन महिने पोरं शाळेत जात नव्हती.

"अहो, मी राज्यपाल नाही," सावळीराम त्या दिवसात विसाव्यांदा म्हणाले.

"नसाल," झुंबरबाई शांतपणे म्हणाली. "पण तिकडं जाणार हाय ना तुमी?"

सावळीरामांनी अर्ज कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

रविवारी मुंबईला राजभवनाच्या दारात पोलिसाने तोच खिसा तपासला.

"काका, आत फक्त पत्रिका आणि आधार. हा कागद इथे ट्रेमध्ये टाका."

"टाकायचा कागद नाही तो."

"मग त्या खिडकीत टपालात द्या. पण दहा मिनिटांत दार बंद होईल."

"अहो, परत जाताना द्या की," लताबाई म्हणाल्या.

"परत जाताना खिडकी बंद असेल. कचेऱ्या मला माहीत आहेत. तू हो पुढे, मी आलोच."

खिडकीतल्या तरुण कारकुनाने अर्ज सावकाश वाचला. "पोच पाहिजे का?"

"पाहिजेच."

"मग दोन प्रती लागतात."

हेच वाक्य सावळीरामांनी बत्तीस वर्षं, याच सुरात, किती जणांना ऐकवलं होतं! पेठला तेव्हा झेरॉक्स नव्हतं. माणसं डोंगर उतरून यायची आणि दुसऱ्या प्रतीसाठी परत जायची. पुंजाही दोनदा परत गेला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. त्याने मात्र ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"कोरा कागद द्या," ते म्हणाले आणि उभ्यानेच, खिडकीच्या कट्ट्यावर, दुसरी प्रत लिहू लागले. अक्षर मोत्यासारखं काढायची सवय; घाईत लिहिणं हाताला जमेना. 'ओहोळ' शब्दावर होते तेवढ्यात मागे दार लागलं. आत बँडवर राष्ट्रगीत सुरू झालं. सावळीराम पेन धरून ताठ उभे राहिले. खिडकीपलीकडे कारकूनही शिक्का हातात धरून ताठ. राष्ट्रगीत संपलं, तसे दोघे पुन्हा कामाला लागले.

पोच खिशात घालून ते फाटकाशी येऊन बसले. लोक बाहेर पडू लागले. दारात जमा केलेला फोन परत मिळाल्यावर त्यांनी आधी पुंजाला आवक क्रमांक सांगितला. "पूल लगेच होईल असं नाही," हेही सांगितलं.

"कागुद हरवणार तर नाय ना आता?" पुंजाने विचारलं.

"नाही. नंबर पडलाय त्याला."

लताबाई नव्या साडीचा पदर सावरत आल्या.

"कसा झाला?"

"आठ-दहा मिनिटांत उरकला. चहा चांगला होता."

"माझी खुर्ची?"

"रिकामीच होती. एक बाई बसायला आल्या, म्हणाल्या, इथे कोणी आहे का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमचे साहेब आहेत. ऑफिसात जरा काम चाललंय त्यांचं."

भाऊसाहेबांनी कोटाचं सुटलेलं बटण लावलं आणि टॅक्सीला हात केला.