सायकलीच्या मापाचं माणूस

शनिवारी सकाळी साडेसातला खोडदच्या संपतरावांचा मुलगा भरत नव्याकोऱ्या सायकलसकट कडब्याच्या गंजीत घुसला. त्याचे दोन पाय आणि सायकलचं मागचं चाक एवढंच बाहेर राहिलं. चाक अजून फिरत होतं.

"अगं बाई, पोरगं गेलं!" भरतची आई साळुबाई ओरडल्या.

"कुटं जातंय? पाय हालत्यात की त्याचं," संपतराव म्हणाले. "आदी चाक बघा, वाकलं का."

चाक शाबूत होतं. भरतचा घोटा मात्र मुरगळला होता, आणि डोंगरावरची सायकल स्पर्धा दुसऱ्याच दिवशी होती.

संपतरावांचं नाव बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, वाढलेलं. जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही यात्रेत त्यांच्या बैलांची बारी सुटली की स्पीकरवर त्यांचं नाव आधी आणि बैलांचं मागून येई. बैल थकले, त्यांनी गाडा बंद केला. बैलांची आठवण त्यांना येतच असे, पण स्पीकरची जास्त येई. त्यामुळे नारायणगावच्या पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या भरतनं, आपण सायकल स्पर्धेत नाव दिलंय असं सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

"स्पीकर असतो का?"

"असतो."

"मग सायकल मी घेनार."

गुरुवारी दोघं नारायणगावला रत्नदीपच्या सायकलच्या दुकानात गेले. रत्नदीपनं भरतला भिंतीला टेकवून उभं केलं, टेप लावली आणि सांगितलं, "यांना स्मॉल फ्रेम बसेल. सायकल दोन पायांत धरून उभं राहिलं की वरच्या दांड्यात आणि माणसात चार बोटं अंतर पाहिजे. डोंगरातल्या पायवाटेवर कधी पाय टेकवावा लागेल, नेम नसतो."

"आमच्या दावनीला बारकं जनावर कधी उभं ऱ्हायलं न्हाई," संपतराव म्हणाले.

"आण्णा, हे जनावर नाही."

"बारकीची किंमत काय?"

रत्नदीपनं सांगितली.

"आन् ही मोठी, लार्ज?"

"तेवढीच."

संपतरावांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हंजी त्याच पैशात जादा लोखंड मिळतंय, आन् तू आमाला कमी घ्या म्हनतो?"

"लोखंड नाही आण्णा, ॲल्युमिनियम आहे."

"मग तर सोडायचंच न्हाई."

भरत लार्जवर टांग टाकायचा प्रयत्न करून खाली उतरला. "आण्णा, माझं पाय टेकत न्हाईत."

"टेकतील. बूट घाल."

रत्नदीपनं हात टेकले. तरी धंदा जपणारा माणूस होता. म्हणाला, "न्या. एकही डाग न पाडता आठ दिवसांत परत आणलीत, तर बदलून देईन."

ही वाट संपतरावांनी त्याच संध्याकाळी बंद केली. सायकल पिकअपमधून आली. वेशीपासून हलगी लावली. गुलाल पडला, साळुबाईंनी ओवाळलं. हँडलला घुंगरांचा पट्टा बांधला. मग पेंटर बोलावून वरच्या दांड्यावर लाल ऑइल पेंटनं ठसठशीत नाव घातलं : 'खोडदचा सर्जा'. सर्जा हा त्यांचा लाडका बैल.

शनिवारी भरत ओट्यावरून सायकलवर चढला. बायको अश्विनीनं मागून धरून सोडलं. चालत्या सायकलवर तो चांगला होता. अडचण थांबायची होती.

"आण्णा, उतरू कसा?" पहिल्या फेरीला त्यानं विचारलं.

"उतरतो कशाला? चालव की!"

दुसऱ्या फेरीला त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्या फेरीला शेजारच्या ठकूबाईंची शेळी आडवी आली. पतसंस्थेतल्या माणसाला शोभेल असा विचार करून भरतनं आवारातली सगळ्यात मऊ जागा निवडली आणि हँडल तिकडे वळवलं.

भरतच्या पायाला बर्फ लावून होतोय तोच हौशीराम हजर. घाटातला संपतरावांचा जुना प्रतिस्पर्धी.

"बैलानं गाडीवान पाडलेला लई बघितला, राव. सायकलीनं पाडलेला पयलाच," तो खाटेवर टेकत म्हणाला. "उद्या येताय न्हवं? स्पीकरवाला आपलाच हाय. खोडदचा सर्जा येनार म्हनून सांगून ठिवलंय त्याला."

"येनार म्हंजी येनारच," संपतराव म्हणाले. मग घरामागे जाऊन त्यांनी हळू आवाजात रत्नदीपला फोन लावला.

"ती मोठी बदलून दे बाबा."

"डाग वगैरे?"

"डाग न्हाई. नाव हाय."

"कुणाचं?"

"बैलाचं."

रत्नदीपनं ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "आण्णा, आता सायकल बदलता येत नाही. माणूस बदला."

त्यानं हे वैतागून म्हटलं होतं. संपतरावांना मात्र ते पटलं. गाडीवान आजारी पडला तर कुणी बैल विकत नाही. त्यांनी लगोलग भावकीत निरोप धाडला. पुतण्या गोरख मापानं बसला, पण डोंगराकडे नजर जाताच, "चुलते, हिला मोटार न्हाई का?" असं विचारून उतरला. दुसरा कुणी दांड्याच्या वर पुरला नाही.

तेवढ्यात घुंगरं वाजली. गंजीतून ओढून काढलेली सायकल अश्विनी हौदाकडे धुवायला नेत होती. ढकलत नेण्याऐवजी तिनं सरळ टांग टाकली होती. हौदापाशी ती थांबली आणि एक पाय जमिनीवर टेकवून उभी राहिली, एसटीची वाट पाहत उभं राहावं तशी.

अश्विनी पाच फूट नऊ इंच, भरत पाच-चार. लग्नाच्या फोटोत संपतरावांनी भरतला पाटावर चढवलं होतं आणि सहा वर्षं पाव्हण्यारावळ्यांना सांगत आले होते, "बसली की कळत न्हाई."

आता ते उभ्या सुनेकडे पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत, हिशेबानं पाहत होते.

"सायकल कुटं शिकली गं?"

"कळंबला, मामा. शाळेला वडलांचीच न्यायची. हिच्यापेक्षा जड व्हती."

"उद्या डोंगरावर नेशील?"

अश्विनीनं ओट्यावरच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं बर्फाची पिशवी उचलून होकार दिला.

"नेईन. पन घुंगरं काढा."

"घुंगरं ऱ्हाऊ दे की. शोभा हाय ती."

"मग ह्यांनाच पाठवा."

घुंगरं निघाली.

"सुनंला डोंगरावर धाडताय," साळुबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतील?"

"काय म्हनत्यात ते स्पीकरवर ऐकू."

रविवारी डोंगराच्या पायथ्याला मांडव पडला होता. भरतनं सकाळीच आपलं नाव काढून बायकोचं महिला गटात घातलं होतं. त्याच्या ट्रॅकसूटची पॅन्ट अश्विनीला पोटरीपर्यंतच आली, म्हणून तिनं स्वतःची सलवार घोट्याशी रबरानं बांधली होती. स्पीकर खरखरला. "महिला गट, नंबर एक्केचाळीस, अश्विनी भरत, खोडद!"

संपतराव आपल्या नावासाठी कान देऊन थांबले. ते आलंच नाही. मग त्यांनी ते काम स्वतःच अंगावर घेतलं. "आमची सून," त्यांनी शेजारच्याला सांगितलं. मग उसाच्या रसवाल्याला, मग बंदोबस्ताच्या हवालदाराला, आणि रस प्यायला पुन्हा गेले तेव्हा रसवाल्याला पुन्हा.

वरच्या पहिल्या थांब्यावरून मांडवात फोन आला : एक्केचाळीस नंबर महिलांत पुढे. दुसऱ्या थांब्यावरचा फोन जरा वेगळा होता. ती थांबली होती. पाना मागून घेतला, सीट दोन बोटं वर केली आणि गेली. तेवढ्यात पुण्याची एक ठेंगणी मुलगी तिच्यापुढे निघून गेली. त्यानंतर डोंगरापलीकडे रेंज नव्हती.

"सीट वर केली?" भरत म्हणाला.

"बसली असंल बारकी," संपतराव शांतपणे म्हणाले.

मांडवाच्या कडेला हौशीराम मोबाइलवर कळंबच्या एका पाव्हण्याशी बोलत होता. "आमच्या पोरासाठी, शौर्यासाठी, पोरगी बघतोय वो. शेती-बिती ऱ्हाऊ द्या, पोरीची उंची सांगा... पाच-दोन? न्हाई जमायचं. वरचं काय हाय?"

दहाच्या सुमारास डोंगराच्या सोंडेवर धूळ उठली. मांडवातली माणसं उभी राहिली, भरतही एका पायावर उठला. एक सायकल उताराला लागली होती. मागे दुसरी होती की नुसतीच धूळ, ते खालून कळेना. उन्हामुळे कपड्यांचा रंग ओळखू येत नव्हता. चालवणारं माणूस उंच होतं, एवढंच दिसत होतं.