नाना बसरेकर आणि गावाच्या कंबरा

“काढ. आधी काढ ते. माझ्या वईवर कातडं वाळत घालायला ही वई काय तुझ्या बापानं लावली?”

धोंडू मानकरी ओरडायला लागला की खाडीपलीकडे दिघीच्या धक्क्यावरचे बगळे उडत. हे मी वाढवून सांगत नाही. आगरदांड्याचा तरवाला त्या आवाजावर आपली तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, सोडायचा. धोंडू ओरडला म्हणजे उन्हं वर आली, एवढं त्याला पक्कं ठाऊक.

वईच्या, म्हणजे दोघांमधल्या कुंपणाच्या, अलीकडे नाना बसरेकर आपल्या गोठ्याच्या दारात उकिडवा बसला होता. मांडीवर पाट, पाटावर चामड्याची पट्टी, हातात लाकडी ठोकणी. त्यानं मान वर केली, डोळे बारीक करून धोंडूला न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाला,

“छत्तीस. दिवाळीला चौतीस व्हतास. वैनीला म्हणावं, तूप बेतानं वाढ.”

नानाला माणसांची नावं लक्षात राहत नसत, कंबरा राहत. माझं शिवणाचं दुकान त्याच्या गोठ्यासमोरच. गळ्यात टेप अडकवून मी आयुष्य काढलं, पण हा गडी रस्त्यापलीकडून नुसतं बघून गिऱ्हाइकाची कंबर सांगायचा आणि ती अर्ध्या इंचानंही चुकायची नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला “राम राम” म्हणायच्या ऐवजी “या, तीस,” म्हणायचा. तीसही बिचारा “येतो नाना,” म्हणून पुढे जायचा. बायकांच्या बाबतीत मात्र त्यानं कधी तोंड उघडलं नाही. एखादी बाई समोर आली तर तो चक्क डोळे मिटून घ्यायचा. डोळ्यांना लागलेली सवय कुठल्या वेळी काय मोजून बसेल, याचा त्याला स्वतःलाच भरवसा नव्हता.

खरं आडनाव त्याचं काय होतं ते आता त्याच्या भाऊबंदांनाही सांगता येणार नाही. चौदा सालच्या मोठ्या लढाईत तो खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला आणि बसरेकर होऊन परत आला. बरोबरीचे लोक पगार साठवून आले, कुणी घड्याळ आणलं, कुणी ताप आणला. नानानं एक लोखंडी ठशांची पेटी आणली. पलटणीतल्या एका म्हाताऱ्या पंजाबी जिनगरानं, म्हणजे खोगिरं शिवणाऱ्यानं, त्याला चामड्यावर नक्षी उठवायला शिकवलं होतं. पोटापाण्याला नानाची भातशेती होती. पण एकदा भात झोडून झालं की मृगापर्यंत तो आणि त्याचा पाट. मुरूडच्या बाजारातून ऐनाच्या सालीत कमावलेलं चामडं आणायचं, त्याचे पट्टे कापायचे आणि त्यावर ठोकत बसायचं.

आणि ठोकायचा काय. एका पट्ट्यावर काजूची फांदी, बोंडासकट. एकावर पापलेटांची रांग, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकावर अख्खा जंजिरा. मी बुरूज मोजायला लागलो तर म्हणाला, “खुशाल मोज. किल्ल्यात एखादा ढासळला आसंल, पट्ट्यावर न्हाय.” सगळ्यावर करंजेल चोपडलेलं. त्या वासानं आमच्या आळीत डास तर सोडाच, पाहुणेही फार टिकत नसत.

ह्या कामात एक अट असते. चामडं आधी भिजवायचं, मग अर्धवट सुकू द्यायचं, आणि त्यात ओल असेपर्यंतच ठसा मारायचा. फार ओलं असलं तर नक्षी पसरते, सुकलं तर उठतच नाही. ओल नेमकी आली का, हे नाना पट्टी गालाला लावून ओळखायचा. पुढे पुढे तो सगळी दुनियाच गालाला लावून बघायला लागला. पुतणीच्या सोयरिकीची बोलणी चालू असताना मुलाच्या बापानं हुंड्याचा विषय काढला, तसा हा ताडकन उठला. “ओल गेली. आता उद्या बोलू.” भांडणातही तेच. धोंडूनं तार सप्तकात सुरुवात केली की हा जरा वेळ ऐकून घ्यायचा आणि मध्येच म्हणायचा, “थांब धोंडू, ओल गेली तुझी. तेच तेच बोलाय लागलास.”

बसऱ्याच्या गोष्टी तर विचारू नका. त्याच्या मते तुर्क हरला तो नाडीमुळे. “ऐन चढाईत एका हातानं इजार धरायची आन एका हातानं बंदूक. लढाई व्हईल काय तशी?” गोरा साहेब मात्र पट्टा लावायचा, त्याचे दोन्ही हात मोकळे. असं सांगून तो माझ्या दुकानात लोंबणाऱ्या नाड्यांकडे अशा नजरेनं बघायचा, की गिऱ्हाइकाला आपण तुर्काला फितूर झाल्यासारखं वाटावं.

आता एवढी कला, एवढा उत्साह, फक्त एकच अडचण होती. गावात पट्टा लावायला कुणाच्या अंगात विजारच नव्हती. शेतात लंगोटी, देवळात धोतर, मुंबईला जाताना दोन्ही. अख्ख्या गावात पट्ट्याचा माणूस एकच, जंगल खात्याचा शिपाई, आणि त्याला पट्टा सरकार देत होतं. मुरूडचा सोनू चांभार नानाचं काम उलटसुलट करून बघायचा आणि म्हणायचा, “काम झकास हाय नाना. आता गावाला इजारी शिवा.” ते नानानं मनावर घेतलं. दुकानात येऊन मला म्हणाला, “मास्तर, तू गावाला इजारी घाल, मी पट्टं घालतो.” मी गावातल्या दोघांची मापं घेऊन विजारी शिवल्या. एकानं विजार बुजगावण्याला घातली, दुसऱ्यानं पाय शिवून तिच्यात बियाणं भरलं.

शिवाय चामडं ते चामडंच. कुणब्याच्या घरात कातडं आणतो म्हणून भाऊबंद नाक मुरडायचे. बायको त्याला आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. पट्टे घरात न्यायची मनाई, म्हणून गोठ्याच्या आढ्याला बांबू टांगून त्यावर सगळे ओळीनं लटकवलेले. वाऱ्यानं हलले की म्हैस वर बघायची. गावात नानाच्या कामाची कदर करणारी तेवढी एकच.

असा सगळा प्रकार चालू असताना एका वर्षी शिमगा महिन्यावर आला आणि धोंडू मानकरी भाताचं पोतं घेऊन बांधावरून घसरला.

धोंडूच्या घराण्याला पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान होता. देवळापासून सहाणेपर्यंत, म्हणजे देवी जिथं बसवतात त्या चौथऱ्यापर्यंत, पालखीचा पुढचा दांडा घरच्या कर्त्यानं स्वतः धरायचा. खाली टेकवायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. नाही जमलं तर मान वरच्या आळीच्या गणूच्या घरी जाणार, आणि एकदा गेलेला मान आमच्याकडे परत आल्याचं कुणाला आठवत नाही. धोंडूला दोन मुली. कर्ता म्हणून तो एकटाच. आणि त्याची कंबर अशी धरली होती, की तो ओटीवर पडून ओरडायला गेला तरी कळ यायची. आवाज इतका बसला, की तरवाल्याची तर दोनदा उशिरा सुटली म्हणतात.

गणू मात्र तालमीला लागला. सागाचा ओंडका खांद्यावर घेऊन संध्याकाळचा खालच्या आळीत फिरायला यायचा. धोंडूच्या दारात आला की खांदा बदलायचा आणि विचारायचा, “दादा, बरं हाय ना?”

एका दुपारी धोंडू काठी टेकत माझ्या दुकानात आला. बंडीचं माप देतो म्हणाला. माप घ्यायला वाकलो तर हळूच कानाशी आला.

“मास्तर, मांजरपाटाचा जाड पट्टा शिवून दे. कंबरेला आवळून बांधीन. तेवढा शिमगा निभायला होवा.”

मी चार पदरी पट्टा शिवला. त्याच्या कंबरेला आवळला आणि कोपऱ्यातला मशीनचा लाकडी खोका उचलायला सांगितला. खोका हलला नाही, पट्टा टर्रकन फाटला आणि धोंडू भिंतीला टेकून खाली बसला.

गोठ्याच्या दारातून आवाज आला. “कापाड हाय ते. ते फाटणारच.”

ठोकणी हातात घेऊन नाना रस्ता ओलांडून आला. “बसऱ्याला गोणी उचलणाऱ्या हमालांना आमी वीतभर रुंद चामड्याचं पट्टं करून द्यायचो. पाठ मोडल्यालं लोक गोणी उचलून चालायचं.”

धोंडू ओरडला नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “देवीच्या पालखीखाली चामडं? आपण वहाणा वेशीपाशी काढतो नाना. चामड्याची पिशवी बी दीपमाळेशी ठेवतो.”

“ढोल कशाचा हाय?” नानानं विचारलं.

 पंचवीस-तीस शिमगे धोंडू त्या ढोलाच्या मागं नाचला होता. ढोल पालखीच्या पुढं, देवीच्या नाकासमोर.

“ढोल वाजतो,” नाना म्हणाला. “पट्टा वाजायचा न्हाय. येवढाच काय तो फरक.”

“मला पटलं,” धोंडू म्हणाला. “गावाला पटंल काय?”

“मी पटवतो की. सहाणेवर उभा ऱ्हातो आन इचारतो एकेकाला, ढोल कशाचा हाय म्हून.”

“नको.” धोंडूनं नानाचा हात धरला. ह्या दोघांना मी एकमेकांचा गळा धरताना पाहिलं होतं, हात कधी नाही. “गणू म्हणंल, बाटली पालखी. मान तर जाईलच, पोरींना स्थळं यायची न्हाईत. करणार असशील तर कुणाला कळता कामा नये. आज न्हाय, मी मेल्यावर न्हाय.”

 नानाला हे किती जड जात असेल ते मला नीट कळत होतं. इतकी वर्षं ठोकून पहिल्यांदाच एक माणूस त्याचा पट्टा कंबरेला लावायला तयार झाला होता, तोही गावचा मानकरी, तोही सगळ्या गावासमोर. आणि ते सांगायचं नाही. ज्या नानानं खेचराच्या खोगिराला घातलेल्या एका टाक्यावर तीन पावसाळे गोष्टी सांगितल्या, त्यानं हे सांगायचं नाही.

“बरं,” तो म्हणाला. मग धोंडूकडे बघून, “साडेतेहतीस. पथ्यानं उतरलास.”

पट्टा तयार व्हायला बरेच दिवस गेले. वीतभर रुंद, दुपदरी, पुढे दोन बक्कलं. भोकं पाडताना त्यानं मला समजावून सांगितलं. “हे उपासाचं भोक. हे होळीच्या पोळीचं. आन हे गणूचं तोंड बघून रागानं पोट फुगंल त्याचं.” पण दिवस लागले ते भोकांना नव्हे. त्यानं त्या पट्ट्यावर पालखी काढली. गोंडे, अबदागिरी, पुढे ढोलवाले, त्यांच्या हातातल्या टिपऱ्या, मागं नाचणारी माणसं. ज्याची त्याची कंबर ज्याच्या त्याच्या मापाची. मी स्वतःला लगेच ओळखलं.

ह्यावर कापडाची खोळ मीच शिवायची असं ठरलं होतं. नवं, कोरं, पिवळं कापड, म्हणजे देवीलाही वर कापडच दिसेल. मी टाका घालायला सुरुवात केली. एकेक टाक्यागणिक ढोलवाले गेले, अबदागिरी गेली. नाना समोर बसून बघत होता. पालखीपाशी आलो तेव्हा म्हणाला,

“मास्तर, येवढं टोक राहू दे. संध्याकाळी शिव.”

“का रे?”

“काय न्हाय. बघतो वाईच.”

मी दुकान बंद करायच्या वेळेस परत सुई घेतली, तरी तो तिथंच बसलेला होता.

शिमग्याच्या दिवशी धोंडूनं माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पट्टा आवळला. पोळीच्या भोकावर. वरून बंडी, वरून उपरणं. देवळाच्या पायरीवर त्यानं पुढचा दांडा खांद्यावर घेतला आणि सरळ उभा राहिला. गणू शेजारीच होता, खांद्यावर टॉवेलची घडी ठेवून तयार. ढोल सुरू झाला. पालखी नाचायला लागली की ती जड होते असं म्हणतात. त्या दिवशी ती पाच खंडी तरी झाली असावी. धोंडूच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या, पण कंबर हलली नाही. प्रत्येक पावलाला एक बारीक करकर ऐकू यायची. बाया म्हणाल्या, देवीच्या पालखीचं लाकूड बोलतंय, आणि त्यांनी हात जोडले.

सगळं गाव देवीकडे बघत होतं. नाना तेवढा धोंडूच्या कंबरेकडे बघत बाजूनं चालत होता, तोंड उघडं, दोन्ही मुठी आवळलेल्या. वाटेत तो दोनदा खड्ड्यात पडला.

पालखी सहाणेवर टेकली. धोंडूनं दांडा सोडला आणि इतक्या जोरात देवीचा जयजयकार केला, की दिघीचे बगळे उडाले असणारच. गणूनं खांद्यावरची घडी काढून घाम पुसला. त्याला घाम येण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं.

“दादा,” तो धोंडूला म्हणाला, “कंबर तर मोडली व्हती ना? काय केलंस?”

“देवीची कृपा,” धोंडू म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

गणूला कुणावर तरी राग काढायचा होता. त्याची नजर नानावर गेली. नाना गुलालानं माखलेला, गुडघे फुटलेले, चौथऱ्याच्या कडेला बसला होता.

“काय बसरेकर,” गणू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “गोठाभर पट्टं केलंस. जल्मात एकानं तरी घातला काय रं?”

लोक हसले.  धोंडू पायाखालचा गुलाल अंगठ्यानं उकरत होता, त्याचा चेहरा उतरला होता. आज नाना आणि धोंडू दोघंही हयात नाहीत, धोंडूच्या मुलीही चांगल्या घरी पडून आज्या झाल्या, तेव्हा कुठं मी हे लिहायला घेतलं.

नानानं मिशीवरचा गुलाल झटकला.

“न्हाय,” तो म्हणाला.