नार्वेकर डॉक्टरांची सोलकढी

डॉक्टर नार्वेकर सोलकढी वाढत नसत, मोजत. प्रयोगशाळेतली काचेची उभी नळी डोळ्यांसमोर धरायची, थेंबभर जास्त झाली तर परत भांड्यात ओतायची, आणि मग वाटी पुढे करायची.

डिचोलीत सुरुवातीला लोक त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागायला जात. "हांव तसलो दोतोर न्हय," असं सांगून सांगून ते थकले. तीस वर्षं परगावच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांना भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, चारली होती. हृदयाच्या नळ्यांना आतून गंज चढतो आणि भिरंडाच्या सोलांतली अँटिऑक्सिडंट तो अडवतात, हे त्यांचं म्हणणं. पुढे त्यांना कशातही गंज दिसू लागला. पोस्टमन उशिरा आला की म्हणत, "गंज चडलो रे तुका."

निवृत्त होऊन ते गावी आले ते हेच माणसांवर सिद्ध करायला. लग्न केलेलं नव्हतं. घर मोठं आणि राहणारे एकटे. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी त्यांनी आम्हा बारा जणांना दोन महिने रोज दुपारी जेवायला बोलावलं. सहा जणांना खरी सोलकढी, सहा जणांना गुलाबी रंग घातलेला नुसता नारळाचा रस. कुणाच्या वाटीत काय, हे गुपित. शेवटी सगळ्यांचं रक्त तपासायचं.

तेव्हा भाषेचा वाद ताजा होता. मी मराठीचा मास्तर. शेजारी बसायचा बाबलो, पाळी गावच्या खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर, कट्टर कोंकणीवाला. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. डॉक्टरांची ताकीदच होती, "वाद घालूं नाकात. प्रेशर चडटा."

गुपित मात्र पहिल्या घोटातच फुटलं. आंबटपणाच नाही म्हणून बाबलोने तोंड वाकडं केलं. कढीवाचून कोरडा भात गिळणारा माणूस मला बघवेना, मग तो कोंकणीवाला का असेना. डॉक्टर आत गेले की मी माझी अर्धी कढी गुपचूप त्याच्या वाटीत ओतू लागलो. टेबलावर सगळ्यांचंच तसं चाललं होतं, हे नंतर कळलं.

तपासणीत बाराही जणांचं रक्त सारखंच निघालं. डॉक्टर तीन दिवस कागदांत डोकं घालून बसले. शेवटी मला राहवेना, मी सगळं कबूल केलं.

"म्हज्या उंदरांनी अशें केन्नाच करूंक ना," एवढंच ते म्हणाले. मला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. त्यांचं आयुष्यभराचं काम आम्ही पाण्यात घातलं होतं.

माफी मागायला आम्ही सगळे जमलो. डॉक्टरांनी कागद बाजूला सारले. "रगत आतां नाका," ते म्हणाले. "पूण फाल्यां जेवपाक येतलात न्हय?"

संशोधन गेलं त्यापेक्षा उद्यापासून टेबल रिकामं होईल याचंच त्यांना भय होतं. ते मला त्या घटकेला कळलं.

आम्ही गेलो, पंधरा-वीस दिवस. मग बाबलोला लांबच्या फेऱ्या लागल्या, बाकीचे एकेक करून गळाले. मीही गळालो.

एका दुपारी वास्कोची बस गाठायला त्यांच्या फाटकावरून घाईने चाललो होतो. डॉक्टर पायरीवर उभे होते.

"मास्तर, जेवलात?"

"जेवलो," म्हणालो. जेवलो नव्हतो.

"बरें जालें," म्हणून ते आत वळले. दार उघडंच होतं. आत टेबलावर दोन ताटं मांडलेली दिसली.