सराव-रुग्णाची गैरहजेरी

त्या मंगळवारी माझे वडील आबा, म्हणजे निवृत्त सुभेदार हंबीरराव, सांगलीच्या रुग्णालयात वेळेवर हजर होते. प्रशिक्षणाला वेळेवर येणारे ते एकटेच.

रुग्णालयात नवं यंत्र आलं होतं. एमआरआयमध्ये गाठ बघत बघतच तिच्यावर रेडिएशन द्यायचं. एमआरआयवाल्यांना रेडिएशन ठाऊक नव्हतं, रेडिएशनवाल्यांना एमआरआय. म्हणून दोन्ही विभागांचं पाच दिवसांचं संयुक्त प्रशिक्षण ठरलं. एक जण एक दिवस जरी गैरहजर राहिला, तर सर्वांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ते पूर्ण होईपर्यंत उपचार बंद. आबांच्या मानेतली गाठ शिकवायला सोयीची होती, म्हणून त्यांची ‘सराव-रुग्ण’ म्हणून नेमणूक झाली. उपचारात पहिला नंबर त्यांचाच लागणार होता.

पण दिवस जत्रांचे होते. तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ जयराज पाटणला जत्रेला गेला. दुसऱ्या खेपेला कुणाची तरी कोरेगावची जत्रा, तिसऱ्या खेपेला सिस्टर क्रांतीच्या माहेरची. शेवटी प्रमुख डॉक्टरांनी परिपत्रक काढलं : यापुढे जत्राही संयुक्तपणे करण्यात यावी. चौथ्या खेपेला सगळे एका गाडीतून जत्रेच्या मटणाला गेले. सराव-रुग्ण हा प्रशिक्षणाचा घटक असल्याने आबांनाही नेलं. त्यांना घास गिळवत नव्हता. वाटीभर आळणी रस्सा घेतला. त्या दिवशी सगळेच गैरहजर लागले. पुन्हा पहिला दिवस.

मंगळवार हा पाचव्या खेपेचा चौथा दिवस. जयराज मान हलू न देणारा मुखवटा आबांच्या तोंडावर बसवताना अडला, तेव्हा आबाच पडल्या पडल्या म्हणाले, “डावा खटका आधी रं गड्या.” मग माझ्याकडे बघून, “पोरी, ह्यास्नी लय जमाय लागलंय. आता लागंल बघ माझा नंबर.”

मी अभिप्रायाच्या वहीत रोजच्यासारखं ‘समाधानकारक’ लिहिलं.

बुधवारी सकाळी आबा गेले. समितीने नोंद केली : सराव-रुग्ण पूर्वसूचनेशिवाय गैरहजर, प्रशिक्षण पहिल्या दिवसापासून.

तेराव्यानंतर मला बोलावणं आलं. प्रमुख डॉक्टरांनी आबांच्या गैरहजेरीचा खुलासा मागितला आणि अदबीनं विचारलं, “ताई, तुमच्या घराला आता अनुभव आहे. नात्यात कुणाला गाठ आहे का?”

मी वही मागून घेतली. ‘समाधानकारक’वर काट मारत गेले आणि मोठ्यानं बोलले.

“पहिल्याच खेपेला मला कळलं होतं, हे असंच चालणार. घरी जाऊन मी ते रंगवून सांगायचे. ऐकणारा कुणीही हसेल असंच होतं. आबा, मी गंमत बघत बसले. भांडले नाही.”